सध्या काय ऐकताय, आन का?

साखर कारखान्याच्या ऊस यार्डात लाउडस्पीकरवरून नंबर पुकारतात. उसाने भरलेले ट्रॅक्टर ओळीने उभे असतात. ड्रायव्हर खिडकीवर येऊन टोकन घेतो, नंबर आला की ट्रॅक्टर आधी वजनकाट्यावर आणि मग गव्हाणीवर नेतो. गव्हाण म्हणजे उसाच्या मोळ्या गाळपासाठी आत ओढल्या जातात ती जागा. यापेक्षा जास्त काही सांगायची त्या लाउडस्पीकरला गरज नसते, असं मला वाटत होतं.

नोकरीच्या पहिल्या सकाळी मी टोकनच्या खोलीत कॉम्प्युटर चालू करत होते, तेव्हा छपरावरच्या कर्ण्यातून आवाज आला.

“नमस्कार मंडळी. काटा चालू हाय, गव्हाण चालू हाय. मी सध्या सनई ऐकतोय. कारण, परवा दाढ काडली. दाढंच्या दुखण्यात शब्द सहन व्हत न्हाईत, आन सनईत शब्द नसत्यात. आता नंबर घ्या.”

आणि तोच आवाज शांतपणे नंबर सांगू लागला.

तो आवाज आबांचा. आबा आमच्या यार्डाचे सुपरवायझर. राहायला लासुर्ण्याला, रोज जुन्या स्कूटरवरून कारखान्यात येत. उंच, किडकिडीत, खिशाला पेनाऐवजी इअरफोनची वायर लटकलेली. त्या इअरफोनचा एकच कान चालायचा. थंडी सुरू झाली की कानटोपी डोक्यावर चढायची ती होळीलाच उतरायची, पण तिची एक बाजू कायम वर दुमडलेली. “एक कान थंडीसाठी झाकायचा, एक यार्डासाठी उघडा ठेवायचा,” असं त्यांचं म्हणणं.

मी सुप्याची. आमची जमीन कोरडवाहू, पाऊस पडला तर बाजरी, नाही तर नाही. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. बारामतीच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले आणि इंदापूर तालुक्यातल्या या कारखान्यात हंगामी कर्मचारी म्हणून लागले. हंगामी म्हणजे गाळप चालू असेल तोवर काम, बॉयलर थंड झाला की घरी. भवानीनगरला एका कुटुंबाकडे खोली घेतली होती. यार्डात बाईमाणूस मी एकटीच. वडील सोडायला आले होते. ते आबांकडे बराच वेळ बघत राहिले आणि जाताना मला म्हणाले, “माणूस चांगला दिसतोय. टोपी तेवढी इचित्र हाय.”

त्याच दिवशी दुपारी आबांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला.

“ताई, सध्या काय ऐकताय? आन का?”

मला वाटलं मुलाखत अजून संपलेली नाही. मी म्हणाले, “चालू घडामोडी ऐकते. स्पर्धा परीक्षेसाठी.”

“ते ऐकणं न्हवं, ते पाठांतर. गाणं, वाजवणं, काय ऐकताय?”

“काही नाही.”

“काय न्हाय आसं नसतं. बरं, घाई न्हाय. हंगाम मोठा हाय.”

खरं तर मी रोज येताना-जाताना फोनवर एकच वाजवणं ऐकत असे. पण ते कुणाला सांगण्यासारखं आहे असं मला वाटत नव्हतं. आबांनी त्यानंतर कधी खोदून विचारलं नाही. फक्त अधूनमधून माझ्याकडे बघून, “ताईंचं आजून आलं न्हाय,” एवढं म्हणायचे. एखादं पार्सल यायचं राहिलंय अशा सुरात.

खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला मात्र ते विचारायचे. टोकन माझ्या हातून, प्रश्न त्यांच्या तोंडून. आणि ड्रायव्हर सांगायचे. सांगितलेलं आबा नंबरांच्या मधल्या वेळात सगळ्या यार्डाला ऐकवायचे. गाणं कधीच लावायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात मी न राहवून म्हणाले, “आबा, एवढं सांगताय तर गाणंच लावा ना.”

“गाणं सगळ्यांच्या मोबाइलात हाय,” ते म्हणाले. “कारण कुणाच्याच मोबाइलात न्हाय. जे न्हाय ते द्यायचं.”

इंदापूरचे रशीदभाई हे यार्डातले जुने ड्रायव्हर. ते कव्वाली ऐकायचे. कारण विचारलं तर म्हणाले, “ट्रॅक्टरचा हॉर्न बिघडलाय आबा. कव्वालीत टाळ्या वाजायला लागल्या की रस्त्यावरच्या म्हशी आपोआप बाजूला व्हत्यात.”

आबांनी माईक ओढला. “रशीदभाई कव्वाली ऐकत्यात. कारण, हॉर्न बंद हाय. मंडळी, ह्याला कारण म्हणत्यात.” त्या दिवशी वजनकाट्यावरचा माणूससुद्धा काम थांबवून हसला.

पण हसण्याचा नियम होता. सांगणारा स्वतः हसला तर हसायचं, नाहीतर नाही. एकदा बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतला एक गृहस्थ खिडकीवर आला. चांगला आडदांड, मिश्या वळलेल्या. तो हळू आवाजात म्हणाला, “अंगाई ऐकतो. बायकोनं फोनवर म्हणून पाठवलीय. लेकरू तिकडं हाय, गावाकडं. त्याला ज्या टायमाला झोपवती, त्याच टायमाला मी पण लावतो.” टोकन घेऊन बाजूला उभ्या असलेल्या एका तरुणाने मोठ्याने हसून दाखवलं. तो कारखान्यातल्या कुणा मोठ्या माणसाचा पुतण्या होता आणि हे तो सगळ्यांना सांगत असे. आबांनी शांतपणे त्याचं टोकन परत मागून घेतलं.

“रांगंच्या शेवटी उभं ऱ्हावा.”

“का म्हणून? माझा नंबर लागलाय.”

“लागलेला सुटला. चालत जाताना इचार करा, तुमी काय ऐकताय त्याचा.”

तो काकांना फोन लावतो म्हणाला. आबा म्हणाले, “लावा. त्यास्नी पण इचारा, काय ऐकत्यात.” बराच वेळ वाट बघून तो पुतण्या रांगेच्या शेवटी गेला. आणि पुन्हा खिडकीवर आला तेव्हा त्याने आपण होऊन सांगितलं की तो काहीच ऐकत नाही, कारण त्याच्या गाडीत कायम काकांचाच फोन चालू असतो. आबांनी तेही यार्डाला सांगितलं, अगदी आदराने.

आबा स्वतः एकच गोष्ट दिवसेंदिवस ऐकायचे. दाढ बरी होईपर्यंत सनई. मग बेंजोवरची एक धून, कारण शेजाऱ्याने नवी कूपनलिका घेतली होती आणि तिच्या मोटारीचा आवाज त्याच सुरात यायचा, म्हणून दोन्ही जुळवून ऐकायला मजा येते म्हणाले. “कारण संपलं की गाणं बदलायचं,” हा त्यांचा हिशेब. आमच्यासारखं कंटाळा आला म्हणून बदलायचं नाही. मोटार जळाली त्या दिवशी त्यांनी यार्डाला तसं कळवून बेंजो बंद केला.

एकदा रविवारी मी त्यांच्या घरी लासुर्ण्याला गेले होते. काकूंनी थालीपीठ केलं होतं. मी विचारलं, “काकू, आबा घरी पण विचारतात का?”

“अगं, हे मला बघायला आले तवाच इचारलं,” काकू म्हणाल्या. “सगळी बसलेली. माणसं काय इचारत्यात, सैपाक येतो का, शिकली किती. ह्यांनी इचारलं, सध्या काय ऐकता. मला काय सुधरंना. आमच्या घरी रेडिओ पण नव्हता. मी म्हणलं, कारखान्याचा भोंगा ऐकते. तर म्हणत्यात, का. मी म्हणलं, त्यो वाजला की आमचे वडील घरी येत्यात.”

“मग?”

“मग काय. हे उठले आन म्हणले, पसंत हाय.”

आबा पलीकडे खाली मान घालून थालीपीठ खात होते. त्यांचा कानसुद्धा हलला नाही.

आता ते निवृत्त आहेत. रोज सकाळी त्यांचा आवाजी निरोप माझ्या फोनवर येतो, मी बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एसटीत असताना. काय ऐकतोय, आन का. पाठीमागे काकूंची भांडी वाजत असतात. माझ्या आताच्या ऑफिसातल्या लोकांना हे गमतीचं वाटतं. मला त्यामागची गंमत नसलेली गोष्टही ठाऊक आहे, आणि ती कळली खंडूमुळे.

खंडू लासुर्ण्याचाच तरुण ड्रायव्हर. ट्रॅक्टर त्याचा नव्हता, तात्यांचा होता. तात्या म्हणजे ऊस वाहतुकीची कंत्राटं घेणारे एक बागायतदार, यार्डात दरारा असलेला माणूस. खंडूने ट्रॅक्टरवर भला मोठा डेक बसवला होता, निळे-तांबडे दिवे लागणारा. त्याचा ट्रॅक्टर कालव्याच्या पुलावर आला की इथं आम्हाला कळायचं. पहिल्या वेळी आबांनी कारण विचारलं तर तो म्हणाला, “भारी वाटतंय म्हून.”

“भारी तर जिलेबी पण वाटती. कारण सांग.”

पुढच्या खेपेला तो विचार करून आला. “ह्या गाण्यावर वरातीत नाचताना पाय मुरगाळला हुता आबा. आता गाणं लागलं की पाय दुखतोय. पर लावल्याबिगर ऱ्हावत न्हाय.” आबा खूश झाले. त्यानंतर खंडू रोज नवं गाणं आणि नवं कारण आणायचा. मला वाटतं वाटेत तो तेच जुळवत येत असावा.

मग एक काळ असा आला की खंडूचं गाणं बदलेना. तेच धडाधड वाजणारं, आणि आवाज रोज थोडा जास्त. एका दुपारी तो आला तेव्हा खिडकीची काच थरथरत होती.

“काय रं, सध्या काय ऐकतूस?”

“तेच की आबा.”

“आन कारण?”

“मोठ्यानं लावलं की डोळा लागत न्हाय,” खंडू हसत म्हणाला.

तो स्वतः हसला होता, म्हणजे नियमाने हसायला हरकत नव्हती. मी हसलेही. आबा हसले नाहीत. त्यांनी माईककडे हातही नेला नाही.

“झोपला कधी हुतास?”

“दुसरा ड्रायवर गावाला गेलाय. तात्या म्हणले, त्यो येईस्तोवर काढ दोन दिस. त्यो आजून आला न्हाय.”

“मी इचारलं, झोपला कधी?”

खंडू आठवू लागला. त्याला आठवेना. तेवढ्यात आबा खोलीबाहेर गेले, ट्रॅक्टरवर चढले, इंजिन बंद करून चावी स्वेटरच्या खिशात टाकून परत आले. डेक बंद झाला तसं यार्डात एकदम सामसूम वाटलं. आबांनी भिंतीकडच्या बाकावर चवाळं अंथरलं.

“हितं पड.”

“आबा, नंबर जाईल माझा.”

“नंबर कुटं जात न्हाय. नंबराला पाय न्हाईत.”

खंडू आणखी काहीतरी म्हणत होता, पण ते म्हणता म्हणताच तो झोपला. पाय बाकाच्या बाहेर, चपला तशाच. रशीदभाईंनी आबांकडून चावी घेऊन त्याचा ट्रॅक्टर रांगेतून काढून लिंबाखाली लावला आणि चावी परत आणून दिली. लिंबाची सावली ट्रॉलीला पुरणारी नव्हती. तोडलेला ऊस उन्हात राहिला की वाळतो आणि वजन घटतं, हे यार्डात सगळ्यांना ठाऊक. कुणीतरी तात्यांना फोन केला. तात्या मोटारसायकलवर आले.

“आबा, चावी द्या. ऊस वाळतोय माझा.”

“द्यायची हाय. त्यो उठला की त्याच्या हातात देतो.”

“तुमी सुपरवायझर हाय का डॉक्टर?”

“आज दोनी.”

“हे बघा, तुमचा गाणी इचारायचा नाद हाय, आमी कधी काय बोललो न्हाय. मोठं माणूस, करमणूक करतंय म्हणलं. पर आता गाड्या आडवायला लागला?”

“एकच आडवलीया, तात्या. हळू बोला, उठंल त्यो.”

तात्यांनी बाकाकडे बघितलं. खंडूचं तोंड उघडं होतं आणि त्यावर माशी बसली होती. तात्या तिथून सरळ शेतकी अधिकाऱ्यांच्या ऑफिसात गेले आणि अर्ज दिला.

दुसऱ्या सकाळी अधिकारी साहेब स्वतः यार्डात आले. माणूस वाईट नव्हता. खाली बघत बोलत होते.

“आबा, हे तुमचं शेवटचं वर्ष आहे. मला तुमच्याशी वाद नको. पण रांगेतली गाडी थांबवायचा अधिकार तुम्हाला नाही. आजपासून माईकवर फक्त नंबर. ते पण ह्या मॅडम सांगतील. आणि खिडकीवर कुणीच कुणाला काही विचारायचं नाही. पुन्हा तक्रार आली तर मला तुम्हाला मागच्या गेटवर बसवावं लागेल.”

“बरं,” आबा म्हणाले.

साहेब गेल्यावर मी म्हणाले, “आबा, तुम्ही त्यांना समजावून सांगायचं होतं. निदान मला तरी सांगा. एवढं कशासाठी?”

आबांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. थंडीत टोपी काढलेली मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

“मी माईकवर आलो तवा नुसतं नंबरच सांगायचो. एका हंगामात एक नंबर पुकारला, ट्रॅक्टर आला न्हाय. परत पुकारला. मग कळलं, टोकन घिऊन, ट्रॉली हितंच सोडून, डिझेल आणाया गेलता, वाटंत कालव्यात गेला ट्रॅक्टर. झोप लागली हुती. पोलीस आले. म्हणले, नाव काय ह्याचं? मालक परगावी. ताई, यार्डात एवढी माणसं, कुणाला नाव ठाव न्हाय. पर गाणं सगळ्यांस्नी ठाव हुतं. ते लई मोठ्यानं लावायचा. आमी म्हणायचो, मजेत हाय गडी. का लावतो, ते कुणी इचारलंच न्हवतं.”

त्यांनी टोपी परत घातली, एक बाजू वर दुमडली, आणि वर्तमानपत्र उघडलं.

त्या दिवसापासून मी नंबर सांगू लागले. माझा आवाज कर्ण्यातून बाहेर पडून परत माझ्याच कानावर यायचा, परीक्षेतल्या बैठक क्रमांकांसारखा. यार्ड नीट चालत होतं. कुणाची तक्रार नव्हती. ड्रायव्हर खिडकीवर यायचे, आबांकडे बघायचे, आबा पेपरात बघायचे. रशीदभाई एकदा टोकन घेऊन जाता जाता हवेत बोलल्यासारखं बोलून गेले, “कव्वाली बदलली मी. कारण सांगायला आता जागा न्हाय.” आबांनी पान उलटलं.

मला भीती वाटत होती ती वेगळीच. आबा त्या हंगामानंतर जाणार होते. पुढे माईकवर कोण येईल ते नंबर सांगेल, आणि ती सवय अशीच, काहीही न घडता, संपून जाईल. आणि त्या वेळी माईक माझ्याच हातात होता.

काही दिवसांनी तात्यांचा ट्रॅक्टर आला तो ओळखीच्या धडाधड आवाजात, पण चालवत होते स्वतः तात्या. दुसरा ड्रायव्हर परतलाच नव्हता आणि खंडूने सांगितलं होतं, झोप काढल्याशिवाय मी बसणार नाही. मग उरलेल्या खेपा कुणी मारायच्या? तात्यांचे कपडे धुळीने भरलेले, डोळे लाल. मी टोकन दिलं. ते घेऊन ते उभेच राहिले.

“तात्या, मिळालं ना टोकन?”

“मिळालं की.”

तरी जाईनात. मागची माणसं थांबलेली. शेवटी ते आबांकडे मान वळवून म्हणाले, “आमाला इचारायचं न्हाय व्हय?”

पेपरामागून आबा म्हणाले, “मनाई हाय. तुमच्याच अर्जावरनं.”

मग आबांनी पेपर खाली न करता मला विचारलं, “ताई, खिडकीवर कोण हाय?”

“तात्या आहेत.”

“मनाई मला हाय. तुमाला कुणी केली न्हाय.”

खरं तर साहेबांनी कुणीच विचारायचं नाही असं म्हटलं होतं. पण मी विचारलं. “तात्या, सध्या काय ऐकताय? आणि का?”

“काय ऐकतोय,” तात्या वैतागून म्हणाले. “त्या खंड्याच्या डेकातली गाणी. पयल्या दिवशी बंद करायचं बटन सापडंना. कसलं डोक्यात जातंय ते.” मग ते खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवत म्हणाले, “आता सापडलंय बटन. पर बंद करत न्हाय.”

“का?”

“डोळा लागतो.”

आबांनी पेपर खाली केला. दोघं एकमेकांकडे बघत होते. आबांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. त्यांनी अगदी हळू विचारलं, “यार्डाला सांगायचं का, तात्या? न्हाय सांगितलं तरी चालंल.”

तात्यांनी मागे वळून पाहिलं. ओळीने उभे असलेले ड्रायव्हर, त्यांत त्यांच्याकडे पूर्वी राबून गेलेलेही होते.

“सांगा,” ते म्हणाले. “नाव घिऊन सांगा.”

मी माईक ओढला. “तात्या सध्या खंडूच्या डेकवरची गाणी ऐकतायत. कारण, बंद केली तर डोळा लागतो.”

कुणी हसलं नाही. मग रांगेतून एक लांबलचक हॉर्न वाजला. रशीदभाईंचा. तो त्यांनी केव्हा दुरुस्त करून घेतला होता ते कुणालाच माहीत नव्हतं.

तात्या त्याच दिवशी, बाकावर झोप काढून उठल्यावर, ऑफिसात जाऊन अर्ज मागे घेऊन आले. संध्याकाळी साहेब डोकावले, म्हणाले, “आबा, नंबर मात्र चुकता कामा नये.” आबा म्हणाले, “आजवर चुकला का?” साहेबांनी विचार केला आणि मान हलवून निघून गेले. नंतर तात्यांच्या घरून दोरीने विणलेल्या दोन बाजा आल्या, त्या टोकनच्या खोलीमागे पत्र्याखाली टाकल्या. ज्याच्या कारणात झोप यायची, त्याला आबा नुसतं मागच्या बाजूला बोट दाखवायचे. ते कारण कधी कर्ण्यावरून सांगत नसत.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी यार्ड जवळजवळ मोकळं होतं. शेवटच्या ट्रॅक्टरला हार-फुगे बांधलेले, पूजेची तयारी चाललेली. आबांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, पहिल्या दिवशीसारखाच.

“साहेबांशी बोललोय. फुडच्या हंगामाला माईक तुमच्याकडं. पर ताई, आपलं सांगितल्याबिगर दुसऱ्याला इचारायचं नसतं. तात्याच्या वेळंला तुमी इचारलं, ते उधारीवर. आता फेडा.”

मी सांगितलं.

माझे वडील शेतीबरोबर सुप्याच्या एका बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवतात. लग्नसराईत लाल कोट आणि झुपकेवाली टोपी घालून वरातीपुढे चालतात. मी पदवीचा कागद घेऊन घरी गेले त्या दिवशी लग्न कुठंच नव्हतं, तरी ते लाल कोट घालून अंगणात उभे होते आणि त्यांनी सोबत्यांना बोलावलं होतं. अडचण एवढीच झाली की पदवीला काय वाजवतात ते कुणालाच माहीत नव्हतं. हळदीचं ठरलेलं आहे, वरातीचं आहे, गणपतीचं आहे. पदवीची सुपारी त्यांना कधी कुणी दिलीच नव्हती. मग नवरीला मांडवात आणताना वाजवतात तीच धून त्यांनी वाजवली. वाजवणं ऐकून आळीतल्या म्हाताऱ्या खण-नारळ घेऊन धावत आल्या आणि लग्न ठरल्याचं कळवलं नाही म्हणून आईवर रुसल्या. भावाने फोनवर ते सगळं घेतलंय. एका ठिकाणी क्लॅरिओनेट चिरकतं. वडील म्हणतात, रीड खराब होती.

“तेच रोज ऐकते,” मी म्हणाले. “कारण मला त्या दिवशी काय वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही. ऐकलं की सांगितल्यासारखं वाटतं.”

आबांनी हात पुढे केला. “फोन द्या.”

“आबा, तुम्ही गाणं लावत नाही.”

“ह्याचं कारण त्याच्या आतच हाय. येगळं कसं काडणार?”

त्यांनी माईकचं बटण दाबलं आणि माझा फोन त्यापुढे धरला. मोकळ्या यार्डावर, काट्यावर, गव्हाणीवर, पलीकडच्या तोडलेल्या फडांवर माझ्या वडिलांचं क्लॅरिओनेट वाजू लागलं. चिरकायच्या जागी चिरकलं. पूजेची माणसं वळून बघू लागली. हार घातलेल्या शेवटच्या ट्रॅक्टरवरून खंडू ओरडला, “आबा, कुणाचं लगीन हाय?”

आबांनी माईक जवळ घेतला. “लगीन न्हाय. सुप्याची पोरगी पदवीधर झाली. तिच्या बापाकडं दुसरी धून न्हवती म्हून ही वाजवलीया.”

मग त्यांनी माईक माझ्याकडे सरकवला आणि खुर्चीवरून उठले. रांगेत आता एकच ट्रॅक्टर होता, नंबर सांगायची तशी गरजही नव्हती. मी बटण दाबलं आणि आधी विचारलं.

“खंडू, सध्या काय ऐकतोस? आणि का?”

“हेच की मॅडम,” तो तिकडून म्हणाला. “आन कारण तर आत्ताच ऐकलं.”